ट्रॅक कारमध्ये डेटा लॉगर बसवणे : वायरिंगपासून पहिल्या फाइलपर्यंत

नाशिकला मोटार स्पर्धांची आवड नवी नाही, पण ती मुख्यतः मातीच्या रस्त्यांवरच्या रॅलीची. डांबरी सर्किटवर गाडी पळवायची झाली, तर चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूर किंवा ग्रेटर नोएडा येथील नावाजलेल्या सर्किटांपैकी एक बहुधा गाठावे लागते आणि यांतले प्रत्येक ठिकाण नाशिकपासून हजार किलोमीटरहून लांब आहे. एवढा प्रवास करून दिवसभरात गाडी चालवायला मोजकी सत्रे मिळतात. संध्याकाळी लॅपटॉप उघडल्यावर निम्म्या फेऱ्यांची नोंदच सापडली नाही, किंवा ब्रेकचा आलेख करवतीच्या दातांसारखा निघाला, तर तिथे बसून करण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून लॉगरचे, म्हणजे गाडीचा वेग, ब्रेक वगैरेंची सतत नोंद ठेवणाऱ्या पेटीचे, सारे काम घरीच, घाई न करता पूर्ण करावे आणि ते तपासल्याशिवाय गाडी नाशिकबाहेर काढू नये.

हा लेख ज्यांना पाना आणि मल्टीमीटर हाताळता येतो, पण गाडीच्या वायरिंगला ज्यांनी अजून हात लावलेला नाही, अशांसाठी आहे. गाडी रस्त्यावरचीच एखादी हॅचबॅक किंवा सेडान आहे आणि तिची बॅटरी १२ व्होल्टची आहे, असे येथे गृहीत धरले आहे. गाडी वॉरंटीत असेल, तर मूळ वायरिंगला हात लावण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचून घ्याव्यात.

आधी किती चॅनल (नोंदायच्या गोष्टी) हवेत ते ठरवा

मोबाइलमधला जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच स्थान नोंदवतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेक नेमका कुठे दाबला हे अशा नोंदीतून कळणे शक्यच नाही. लॉगरमधला जीपीएस सेकंदाला १० किंवा २५ वेळा नोंद करतो. १० वेळा नोंद झाली तरी त्याच वेगाला दोन नोंदींमधले अंतर पावणेतीन मीटरवर येते. या एका फरकासाठीही लॉगर घेण्यासारखा आहे.

त्यापुढचा प्रश्न खर्चाचा नसून संयमाचा आहे. नवशिक्याला पहिल्याच दिवशी स्टिअरिंगचा कोन, चारही सस्पेन्शनची हालचाल, तेलाचे तापमान आणि टायरची उष्णता असे सगळे हवे असते. माझा सल्ला असा, की पहिल्या खेपेस वेग, जी-फोर्स (वेग वाढताना, ब्रेक लावताना आणि वळताना गाडीवर येणारा जोर), इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), थ्रॉटल (ॲक्सिलरेटर किती दाबला ते) आणि ब्रेकचा दाब एवढ्या पाचांवर थांबावे. यांतले पहिले दोन लॉगरच्या पेटीतच मिळतात, पुढचे दोन बहुतेक नव्या गाड्यांत ईसीयूकडून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडून येतात, आणि सेन्सर म्हणून वेगळा बसवावा लागतो तो फक्त ब्रेकच्या दाबाचा. विश्वास ठेवता येईल असे पाच आलेख हाती असतील, तर वर्षभर पुरेल इतका अभ्यास त्यांतूनच निघतो. खरेदीच्या वेळी लॉगरला ईसीयूची जोडणी आहे की नाही, हे मात्र नीट पाहावे. उदाहरणार्थ, एम कंपनीचा सोलो २ आणि सोलो २ डीएल दिसायला सारखे असले, तरी ईसीयूला जोडता येतो तो डीएल.

सामान आणि आराखडा

वायर गाडीसाठी बनवलेली, अनेक बारीक तारांची घ्यावी. घराच्या वायरिंगमधील एकेरी जाड तार कंपनाने आतल्या आत तुटते आणि वरचे आवरण शाबूत राहिल्यामुळे दोष सापडता सापडत नाही. लॉगरच्या वीजपुरवठ्याला ०.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरेशी असते, कारण बहुतेक लॉगर एक अँपिअरपेक्षा कमी प्रवाह घेतात. याशिवाय फ्यूज होल्डर, २ किंवा ३ अँपिअरचे ब्लेड फ्यूज, पाणी न शिरणारे कपलर, आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), कापडी हार्नेस टेप, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी) आणि केबल टाय लागतात. मल्टीमीटर, रेझिस्टर, स्लीव्ह यांसाठी महात्मा गांधी रस्त्यावरची इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने पाहावीत. कपलर आणि ऑटो वायर द्वारका-मुंबई नाका पट्ट्यातल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारावी. पैसे वाचवायचे असतील तर इतरत्र वाचवावेत, पण क्रिंपिंगचा, म्हणजे वायरीवर पिन दाबून बसवण्याचा, पाना चांगलाच घ्यावा.

सोल्डर करावे की क्रिंप, हा वाद प्रत्येक गॅरेजात होतो. सोल्डर केलेला जोड टेबलावर उत्तम दिसतो, परंतु वितळलेले कथील तारांमध्ये काही मिलिमीटर आतवर शिरते, तेवढा भाग कडक होतो, आणि जिथे कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथेच कंपनाने वायर तुटते. योग्य मापाच्या पिनेवर योग्य पान्याने केलेले क्रिंप ओढूनही निघत नाही. प्रत्येक क्रिंप हाताने ओढून पाहावे. जे निघाले ते ट्रॅकवर निघणारच होते.

वायर कापण्यापूर्वी गाडीत सुतळी टाकून मापे घ्यावीत. लॉगरच्या जागेपासून फ्यूज बॉक्सपर्यंत, ओबीडी सॉकेटपर्यंत (गाडीच्या तपासणीसाठी दिलेले सॉकेट), छतावरच्या अँटेनापर्यंत आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून) ब्रेकच्या नळीपर्यंत सुतळी प्रत्यक्ष ज्या वाटेने वायर जाणार त्याच वाटेने न्यावी आणि प्रत्येक मापात वीतभर जादा धरावे. मग वहीच्या एका पानावर आराखडा काढावा : वायरीचा रंग, कुठून कुठे, कपलरची कितवी पिन, फ्यूज किती अँपिअरचा. पुढे पॅडॉकमध्ये (सर्किटवरच्या गाड्यांच्या तळावर) उन्हात उभे राहून दोष शोधताना हे पान फार उपयोगी पडते.

पेटीची जागा

लॉगरच्या पेटीतच जी-फोर्स मोजणारा सेन्सर असेल, तर ती गाडीच्या मध्याजवळ, म्हणजे दोन्ही पुढच्या सीटांच्या मधल्या उंचवट्यावर किंवा त्याच्या आसपास बसवणे सर्वांत योग्य. ती पूर्ण घट्ट हवी. वेल्क्रोवर चिकटवलेली पेटी गाडीबरोबर न हलता स्वतःच्या तालावर हलते, आणि आलेखात जे दिसते ते गाडीचे नसून वेल्क्रोचे असते. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पेटी बोल्टने कसावी आणि पट्टी बॉडीला कसावी. पेटीवरचा बाण गाडीच्या नाकाच्या दिशेने व पेटी समतल हवी. फ्लोअरला भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन पाहणे बंधनकारकच समजा, कारण पेट्रोलची आणि ब्रेकची नळी बहुधा तिथूनच गेलेली असते.

डॅशबोर्डवर उन्हात पेटी ठेवू नये. मे महिन्यात बाहेर उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात टेकवत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्सलाही ते सोसत नाही. एसीच्या पाण्याची नळी आणि हीटर यांपासूनही अंतर ठेवावे.

वीज : सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त फसवणारे काम

प्रथम किल्ली काढून बॅटरीचे मायनस टर्मिनल सोडवावे आणि किमान दहा मिनिटे थांबावे. पिवळ्या रंगाच्या कपलरना आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावू नये. बहुतेक गाड्यांत त्या एअरबॅगच्या असतात.

माझी पहिली चूक सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेण्याची होती. रस्त्यावर महिनाभर सारे ठीक चालले. ट्रॅकवर कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) गाडी गेली की प्लग क्षणभर सैल व्हायचा, लॉगर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, आणि एका सत्राच्या एका फाइलऐवजी सात तुकडे निघाले. लायटरचा प्लग मोबाइल चार्ज करण्यापुरता ठीक आहे.

वीज फ्यूज बॉक्समधून, किल्लीवर चालू होणाऱ्या फ्यूजमधून घ्यावी. यासाठी फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा फ्यूज टॅप मिळतो. एअरबॅग, एबीएस, ईसीयू आणि पेट्रोल पंप यांच्या फ्यूजला हात लावू नये. जागा नक्की करण्यासाठी बॅटरी तात्पुरती जोडून मल्टीमीटरने किल्लीच्या प्रत्येक स्थितीत व्होल्टेज पाहावे. किल्ली बंद असताना शून्य आणि ‘ऑन’ असताना १२ च्या वर, एवढे पाहून थांबू नये. मदतनिसाला सेल्फ मारायला सांगून त्या वेळीही मीटरकडे लक्ष ठेवावे. अनेक गाड्यांत ॲक्सेसरीची लाइन सेल्फ मारताना पूर्ण तुटते, इग्निशनची मात्र टिकते. इग्निशनच्या लाइनवरही सेल्फच्या वेळी व्होल्टेज दहाच्या आसपास उतरते, पण ते चांगल्या लॉगरला चालते. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान व्होल्टेज दिसले, की अल्टरनेटर ठीक आहे.

फ्यूज हा लॉगरच्या जवळ नव्हे, तर वीज जिथून घेतली तिथे बसवायचा असतो, कारण तो सर्वप्रथम वायरीचे रक्षण करतो. फ्यूज लॉगरजवळ असेल आणि वायर मध्येच घासून बॉडीला टेकली, तर मधली सारी वायर तापून जळते आणि फ्यूज शाबूत राहतो. गाडीत मास्टर कट-ऑफ स्विच असेल, तर लॉगरचा पुरवठाही त्या स्विचच्या पलीकडूनच घ्यावा. स्विच बंद केल्यावर गाडीत कुठेही वीज उरता कामा नये.

आता अर्थविषयी, म्हणजे मायनस बाजू गाडीच्या बॉडीला जोडण्याविषयी, आणि येथे थोडे थांबणे भाग आहे. बॉडीचा कुठलाही बोल्ट म्हणजे अर्थ, ही समजूत दिव्यांपुरती चालते. मोजमापाला चालत नाही. मी ब्रेक प्रेशर सेन्सर पहिल्यांदा बसवला तेव्हा त्याची मायनस वायर हेडलाइटमागच्या बोल्टवर कसली होती, कारण तो बोल्ट हाताशी होता. रविवारी अंबडच्या एका रिकाम्या आवारात गाडी उभी करून, पाय ब्रेकवरून काढून, लॅपटॉपवर आलेख पाहत बसलो होतो. रेषा शून्यावर सपाट होती. इंजिन तापून रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि रेषा एकदम सुमारे तीन बारवर (बार हे दाबाचे एकक) चढली. पंखा बंद झाला तशी खाली आली. पंख्याची अर्थही त्याच बोल्टवर होती, बोल्टखाली गंज होता, आणि पंख्याचा मोठा प्रवाह त्या गंजातून जाताना तिथे ०.१ व्होल्टच्या आसपास फरक पडत होता. सेन्सरच्या भाषेत तेवढे म्हणजे तीन बार. सेन्सर शाबूत होता, लॉगरही शाबूत होता, आणि मी दुसरा सेन्सर मागवण्याच्या बेतात होतो.

यावरून दोन नियम पाळावेत. लॉगरची मायनस वायर बॅटरीच्या मायनसजवळच्या मुख्य अर्थ बिंदूवर, रंग आणि गंज खरवडून, थिंबल लावून कसावी. आणि सेन्सरची मायनस वायर बॉडीला कुठेही न लावता परत लॉगरच्याच सेन्सर-मायनस पिनेवर आणावी. तपासणी सोपी आहे : हेडलाइट, पंखा, ब्लोअर सारे चालू करून मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे लॉगरच्या मायनसवर ठेवावे. ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसले पाहिजे. जितके शून्याजवळ तितके उत्तम.

ईसीयूशी जोडणी

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये, कॅन (गाडीतले संगणक ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती लाइन) असलेल्या गाडीत, ६ क्रमांकाची पिन कॅन-हाय आणि १४ क्रमांकाची कॅन-लो असते. ४ आणि ५ या अर्थच्या पिना, तर १६ क्रमांकावर कायमचा बॅटरीचा प्लस असतो. या शेवटच्या पिनेचा मोह टाळावा. लॉगर किल्ली काढल्यावरही ०.१ अँपिअर ओढत राहिला, तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत झोपते. ट्रॅकची गाडी बहुधा दोन आठवडे उभीच असते.

कॅनच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून न्याव्यात आणि मूळ लाइनपासून फाटा शक्य तितका छोटा ठेवावा. या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी सोडवून ६ आणि १४ या पिनांमध्ये रोध मोजला, तर दोन रेझिस्टर समांतर असल्यामुळे सुमारे ६० ओहम दिसतात. लॉगर जोडल्यावर हाच आकडा ४० वर आला, तर लॉगरमधला तिसरा रेझिस्टर मध्ये शिरला आहे असे समजून तो बंद करावा. १२० दिसले, तर कुठेतरी एक टोक तुटलेले आहे. इग्निशन चालू केल्यावर दोन्ही वायरींवर अडीच व्होल्टच्या आसपास, हायवर किंचित जास्त आणि लोवर किंचित कमी, असे व्होल्टेज दिसते. दोन वायरींची अदलाबदल झाली, तर आरपीएमचा आलेख तर येत नाहीच, शिवाय डॅशबोर्डवर भलतेसलते दिवे लागू शकतात.

ओबीडीतून माहिती मिळते ती प्रश्न विचारून आणि उत्तराची वाट पाहून. चार-पाच गोष्टी विचारल्या, की प्रत्येकीचा वेग मंदावतो. ईसीयू स्वतःहून लाइनवर सतत जी माहिती टाकत असतो, ती नुसती ऐकण्याची सोय तुमच्या लॉगरमध्ये तुमच्या गाडीसाठी असेल, तर तीच निवडावी. काही नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेट आणि आतली लाइन यांच्यामध्ये गेटवे (माहिती गाळून पुढे सोडणारी पेटी) असतो आणि सॉकेटवर ही माहिती येतच नाही. अशा गाडीत आतल्या लाइनवर जोडणी करण्याचे काम त्या गाडीचा वायरिंग नकाशा वाचता येणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनलाच द्यावे.

ब्रेकच्या दाबाचा सेन्सर

ब्रेकची नळी उघडणे हे नवशिक्याचे काम नाही, एवढे स्पष्ट सांगतो. टी-जोड बसवणे, त्याचे आटे मूळ नळीच्या आट्यांशी जुळतात की नाही हे पाहणे आणि शेवटी एअर काढणे, ही कामे ब्रेकचे काम नित्य करणाऱ्या मेकॅनिककडून करून घ्यावीत आणि पेडल कडक झाले, गळती कुठेही नाही, हे स्वतः पाहावे. वायरिंग मात्र तुम्ही करू शकता. सेन्सरला तीन वायरी असतात : लॉगरकडून येणारे ५ व्होल्ट, लॉगरकडे परत जाणारा मायनस आणि सिग्नल. नेहमीचा सेन्सर शून्य दाबाला ०.५ व्होल्ट आणि कमाल दाबाला ४.५ व्होल्ट देतो. तो १०० बारचा असेल, तर एका व्होल्टला २५ बार, असे गणित लॉगरच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावे. पाय पेडलवर नसताना ०.५ च्या आसपास व्होल्टेज आले, की जोडणी बरोबर.

ही वायर बोनेटखालून येताना स्पार्क प्लगच्या वायरी, इग्निशन कॉइल आणि अल्टरनेटरची जाड केबल यांच्या सोबतीने नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. जाळीचे आवरण असलेली केबल वापरल्यास जाळी फक्त लॉगरच्या टोकाला अर्थ करावी. दोन्ही टोकांना अर्थ केली, तर त्या जाळीतूनच प्रवाह फिरू लागतो. फायरवॉलमधून जाताना ग्रोमेट नसेल, तर पत्र्याची धार वायरीचे आवरण कापतेच.

अँटेना

जीपीएस अँटेना छताच्या मध्यावर, आकाश मोकळे दिसेल असा, चुंबकाने बसवावा. पत्र्याचे छत त्याला मदतच करते. डॅशबोर्डखाली लपवलेला अँटेना दिसायला नीटनेटका वाटतो, पण त्याला अर्धे आकाश दिसत नाही. केबल कापून छोटी करू नये. उरलेली केबल मोठे सैल वेटोळे करून बांधावी. दाराच्या रबरातून केबल नेताना दार पूर्ण लावून ती चेपत नाही ना, हे पाहावे. पहिल्यांदा उपग्रह सापडायला काही मिनिटे लागतात आणि पत्र्याच्या शेडमध्ये ते सापडतही नाहीत. गाडी बाहेर काढून मगच लॉगरला दोष द्यावा.

तपासणी

लॉगर जोडण्याआधी त्याच्या कपलरवर प्लस-मायनस मोजून घ्यावे. उलटी जोडणी झाली, तर पुढचे सारे वाचन व्यर्थ आहे. मग एका वेळी एकच चॅनल चालू करावा : थ्रॉटल शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत सलग चढतो का, ब्रेकचा दाब पायाबरोबर वाढतो-उतरतो का, आरपीएम डॅशबोर्डवरील काट्याशी जुळतो का. समतल जागेवर गाडी उभी करून जी-फोर्सचा शून्य नोंदवावा. त्यानंतर इंजिन चालू ठेवून प्रत्येक कपलर आणि वायरीचा प्रत्येक वळसा हाताने हलवावा. आलेखात खड्डा पडला, की तो जोड पुन्हा करावा.

नोंदीचा वेगही येथेच ठरवावा. ब्रेक, थ्रॉटल आणि जी-फोर्ससाठी सेकंदाला ५० नोंदी ठीक. पाण्याच्या तापमानाला एक पुरे.

शेवटी रस्त्यावर, कायद्याच्या वेगात, तासभर गाडी चालवावी. सार्वजनिक रस्ता हा ट्रॅक नव्हे. येथे जोडणीची परीक्षा घ्यायची आहे, गाडीची नव्हे. आग्रा रस्त्यावर ओझरपर्यंत जाऊन यावे आणि येताना वाटेत एखादा खराब पट्टा आवर्जून घ्यावा. स्पीडोमीटर जीपीएसपेक्षा थोडा जास्त वेग दाखवेल. ते नेहमीचेच आहे. घरी आल्यावर फाइल लॅपटॉपवर उतरवून पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पाहावी. फाइल एकच असली पाहिजे आणि एकाही रेषेत खंड नको.

निघताना वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि मूळ पान ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावे. सोबत चार फ्यूज, मूठभर केबल टाय, वीतभर हीट श्रिंक, दोन जादा कपलर आणि मल्टीमीटर घ्यावा. सर्किटवर पोहोचल्यावर पेटीचे बोल्ट पुन्हा आवळावेत, अँटेना जागेवर आहे का पाहावे, आणि पहिले सत्र संपल्यावर चहाकडे जाण्यापूर्वी फाइल उतरवून घ्यावी.